कोंडलेल्या हिवाळ्यात मन जपताना

डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. जानेवारी २०२१ मध्ये त्यात कोविडच्या तिसऱ्या टाळेबंदीची भर पडली.

उजेड घटला की काहींना दर हिवाळ्यात नैराश्य ग्रासते. मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या ऋतुजन्य विकाराचे वर्णन केले. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसणे हा त्यावरचा रूढ उपचार. तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून दिवसाउजेडी फिरणे मोलाचे.

एकटेपणा टाळण्यासाठी त्या टाळेबंदीतही इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्यांना दुसऱ्या एका कुटुंबात मिसळण्याची मुभा होती.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना गाठा. बोलायला कुणी हवे असेल, तर ब्रिटनमध्ये ११६ १२३ (समॅरिटन्स), भारतात १४४१६ (टेली-मानस) हे क्रमांक मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहेत.