बहात्तरचा दुष्काळ आणि रक्तातली साखर

जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये काटकसरी जनुकांची कल्पना मांडली, तेव्हापासून मधुमेहाचं खापर आपण पूर्वजांवर फोडत आलो आहोत. चरबी साठवणारे दुष्काळात तगले, त्यांचीच संतती सुकाळात आजारी पडते, असा तो हिशेब. मला तो कधीच पटला नाही. मधुमेहाशी जोडलेली शेकडो जनुकीय ठिकाणं सापडली. त्यांतली बरीच चरबी साठवण्याशी नव्हे, तर इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींशी निगडित निघाली. तरीही आमच्या वैद्यकीय मंडळींतले काही जाणकार दर व्यासपीठावर ‘हे रक्तातच आहे’ म्हणून मोकळे होतात.

सिकलसेलची गोष्ट वेगळी, तिथे जनुकांचा हिशेब खरोखर जुळतो. हॅल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल बांधलेल्या तर्काच्या धर्तीवर अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये सिकलसेल आणि मलेरियाचं नातं दाखवलं. नंदुरबार-गडचिरोलीच्या संदर्भात त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे.

मधुमेहाबाबत खरं नवल घडलं पुण्यात. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून मागोवा घेतला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आत-बाहेर. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला साडेतीन. पण आपलं बाळ नुसतं लहान नव्हतं. दंड, पोट बारीक, पाठीवरची चरबी मात्र बऱ्याच अंशी शाबूत! बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसली. आईच्या ताटाचा लेकराच्या साखरेशी असा संबंध आपल्याच मातीत दिसत होता.

जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि याज्ञिकांनी २००७ मध्ये आणखी धाडसी मांडणी केली. अंगमेहनत आणि चढाई यांवर जगणारा प्राणी बुद्धीच्या जोरावर जगू लागला, की स्नायूंची साखर मेंदूकडे वळते. इन्सुलिनला होणारा विरोध ही त्या बदललेल्या वागणुकीची खूण. वाटव्यांनी यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या वैद्यकीय बैठकांत त्यावर तासभर तरी कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं. हल्ली बैठका औषधांच्या जाहिरातीतच आटोपतात.

आणि उंदीर! हर्डीकर, याज्ञिक आदींनी २०१५ मध्ये पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास छापला. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घालूनही इन्सुलिनचा बिघाड सुधारला नाही.

हे वाचताना मला धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परांड्याची १९७२ ची दुष्काळी कामं दिसतात. लाल मिलो ज्वारीची भाकरी, पोरांना सुकडी, आणि भरल्या दिवसांची बाई उन्हात खडी फोडते आहे. त्या पोटातलं लेकरू आज पन्नाशी ओलांडून तपासणीला माझ्यासमोर बसतं. मनगट दोन बोटांत मावेल असं, सदऱ्याची खालची दोन बटणं मात्र ताणलेली. वजन मापात, साखर तीनशे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भात असलेल्यांची साखर उतारवयात तपासली गेली. ती बिघडलेली निघाली. धाराशिवच्या बहात्तरच्या पिढीची तशीच पाहणी व्हावी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आलो आहे. ‘जनुकं तपासा’ म्हणणाऱ्यांना निधी मिळतो. आयांचं रक्त आणि बाळांची वजनं मोजायची म्हटलं की फाइल हलत नाही.

दसरा-दिवाळी झाली की वाशी-कळंबची जोडपी आजही कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. त्यांतल्या गरोदर बाईचं बी-१२ निघण्यापूर्वी तपासा, बाळ जन्मताच त्याचं वजन नोंदवा, आणि ते पोर अठरा वर्षांचं होईल तेव्हा त्याची साखर बघा.