कार्ब्युरेटरची जुनी मोटार सुरू कां होत नाहीं ?

मोटार सुरू झाली नाहीं कीं बहुतेक लोक प्रथम बॅटरीस दोष देतात, आणि चांगली बॅटरी खरोखरीच निकामी होईपर्यंत स्टार्टर फिरवीत राहतात. आपल्या शेंदूरजनाघाटांत ज्यांच्या घरीं आजोबांची 'पद्मिनी' अजून ताडपत्रीखालीं उभी असेल, त्यांनीं तरी असें करूं नये. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डी व पुढें १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी या नांवानें ही गाडी तयार होत असे. मुंबईंतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें बंद झाली. गाडीबरोबर तिचे जाणते कारागीरहि विरळ होत आहेत. तेव्हां रात्रीं-अपरात्रीं कोणास दवाखान्यांत न्यावयाचें झाल्यास घरच्या मनुष्यासच दोष शोधतां आला पाहिजे.

इंजिनास हवा, पेट्रोल व ठिणगी या तीन गोष्टी लागतात. स्टार्टर जोरानें फिरत असूनहि इंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरी निर्दोष समजून या तिहींपैकीं काय कमी आहे तें पाहावें.

प्रथम ठिणगी. एक प्लग काढून तार त्यास पुन्हां जोडावी, रबरी मुठीच्या पकडीनें तो धरून त्याचें लोखंडी अंग इंजिनाच्या धातूस टेकवावें, व दुसऱ्यानें स्टार्टर फिरवावा. जवळपास पेट्रोल सांडलें असतां हा प्रयोग कदापि करूं नये. मुलांनीं तर वडील माणसांवांचून करूंच नये. ठिणगी निळी व कडक असावी. ती पिवळी, दुबळी असेल तर डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढावी. आंत दोन लहान पॉइंट असतात. ते उघडतांक्षणीं कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि बारा व्होल्टांवर चालणाऱ्या गाडींत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. पॉइंट काजळले, अथवा पावसाळ्यांत टोपींत दमटपणा शिरला, कीं हें सारें बिघडतें. पॉइंट बारीक कागदानें घासणें व टोपी कोरडी पुसणें एवढ्यानेंच पुष्कळदां काम होतें.

ठिणगी ठीक असल्यास काढलेला प्लगच पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं; ओला असून वास येत असेल तर तें फाजील झालें आहे. वजनानें सुमारें पंधरा भाग हवा व एक भाग पेट्रोल हें मिश्रण चांगलें जळतें. आंबिया बहाराच्या दिवसांतील गार पहांटे पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं, म्हणून चोक ओढून हवा कमी करतात. मात्र गरम इंजिनावर चोक ओढणें म्हणजे प्लग भिजवणें होय. प्लग भिजलाच तर चोक आंत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, थोडा वेळ स्टार्टर फिरवावा.

आपल्या वऱ्हाडांत वैशाखाचा विकार याहून निराळा. वरूडच्या बाजारांत दुपारीं गाडी अर्धा तास उभी राहिली कीं इंजिनाच्या धगीनें पंपांतील व नळींतील पेट्रोल उकळतें; पंपास द्रवाऐवजीं वाफच मिळते, व ती त्यास पुढें ढकलतां येत नाहीं. येथें धक्का मारणें व्यर्थ. बॉनेट उघडून पंपावर ओलें फडकें ठेवावें आणि स्वस्थ सावलींत बसावें. वाफ निवली कीं गाडी आपण होऊन सुरू होते.

हवेची चाळणी धुळीनें भरली असल्यास ती झटकावी. रबरी नळ्या मात्र बारकाईनें पाहाव्या, कारण हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें जुनें रबर फुगवतें. फुगलेली किंवा चिरलेली नळी दिसतांच बदलावी, व ती बदलेपर्यंत स्टार्टरास हात लावूं नये.