दवाखान्याचा खर्च वाढतो कशाने, आणि भरतो कोण?

एखादा देश आरोग्यावर किती खर्च करतो, हे कशावरून ठरतं? आपण चटकन म्हणतो, आजारांवरून. तसं असतं तर सर्वांत आजारी देश सर्वांत जास्त खर्च करताना दिसले असते. दिसतं नेमकं उलट. जोसेफ न्यूहाउस या अर्थतज्ज्ञाने १९७७ साली १३ विकसित देशांची तुलना केली, तेव्हा खर्चातल्या फरकाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग एकट्या उत्पन्नाशी जुळला. पैसा असला की नवी यंत्रं येतात, पगार वाढतात. जखमेची पट्टी बदलायला मात्र परिचारिकेला आजही पूर्वीइतकाच वेळ लागतो. तेव्हा तीच पट्टी महाग होते. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम इकडे घालते, आणि त्याचं मोठं कारण तिथले दर हेच आहे.

आता आपल्याकडे या. सरकारी लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशाच्या आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरला. २०२१-२२ मध्ये हा वाटा ३९ टक्क्यांवर आला. ठीक आहे. पण पैशापायी जो दवाखान्याची पायरीच चढला नाही, तो या लेख्यात कुठे आहे? त्याचा खर्च शून्य. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही सांगायचो, नोंद नाही म्हणजे वस्तू नाही असं होत नाही. गरीब देशाचा कमी खर्च वाचताना हे विसरू नये.

इथे नालवाडीहून सेवाग्राम किती लांब? तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८०च्या दशकात आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्यविमा चालवला. सुगीत घरटी ज्वारी द्यायची, ज्याची जशी ऐपत तशी. आणि आजारपणात उपचाराला सवलत. यातली खरी अक्कल वेळेची आहे. शेतमजुराच्या घरात धान्य असतं तेव्हा मागा. ताप चढल्यावर मागाल तर तो सावकाराकडेच जाणार. आणि त्या दिवशी भाव करायला कुणाला सुचतं?

पण याचा गोड अर्थ काढू नका, की गावानं ज्वारी जमवली म्हणजे सरकार मोकळं. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेच्या खर्चाचा मोठा भार केंद्र आणि राज्य सरकारांच्या अनुदानावर राहिला आहे. संस्थेचा स्वतःचा वाटा साधारण चौथाई. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली म्हटलं होतं, २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करू. तेवढं झालेलं नाही.