बाळाला ऐकू येते का? पहिल्याच महिन्यात तपासा

जन्मतः आलेले बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. बाळ हसते, रडते, दूध पिते. दीड वर्षाचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा वडीलधारी म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला." या वाट पाहण्यातच भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः श्रवणदोष असतो.

घरात ताट वाजवून परीक्षा घेतात. बाळ दचकले की सर्वांना हायसे वाटते. पण बहिऱ्या बाळालाही हललेला हात दिसतो, पाळण्याला बसलेला हादरा कळतो. खरी तपासणी यंत्रानेच होते. निरोगी कान स्वतःही अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो, हे १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प या संशोधकाने दाखवून दिले. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी नळी ठेवून हा आवाज टिपतात. सुई नाही, वेदना नाही. 'बेरा' या दुसऱ्या तपासणीत डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूकडे पोहोचतो का, ते पाहतात.

पहिल्या तपासणीत दोष दिसला म्हणजे बाळ बहिरेच, असे नव्हे. नवजात कानात पाणी राहिले तरी तसे होते. मात्र फेरतपासणी चुकवू नये. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे सूत्र लक्षात ठेवावे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा अधिक चांगली वाढते, असे अमेरिकेतील कोलोरॅडो येथील अभ्यासात १९९८ साली दिसून आले.

त्वचेला हादरा कळतो, याच गुणावर स्पर्शाची श्रवणयंत्रे बनली. अमेरिकेत रॉबर्ट गॉल्ट यांनी १९२० च्या दशकात असे प्रयोग केले. यंत्र आवाज पकडून त्वचेवर कंप देते. हाक किंवा हॉर्न जाणवतो, ओठ वाचायला मदत होते. अलीकडे डेव्हिड ईगलमन यांनी मनगटी पट्टा तयार केला. पण नुसत्या स्पर्शाने सारे बोलणे समजणे कठीण. म्हणून बाळांसाठी श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट आणि खुणांची भाषा हेच मुख्य मार्ग आहेत.

आपल्याकडे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. प्रसूतीनंतर घरी निघण्याआधी सिस्टरना विचारा, "बाळाचे कान तपासले का?" विचारायला संकोच कसला?

माता-भगिनींनो, दोष निघालाच तर ग्रहणाला, आईला किंवा पूर्वजन्मीच्या पापाला बोल लावू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली आहे. आनुवंशिकता, गरोदरपणातील रुबेला, तीव्र कावीळ अशी त्याची कारणे शरीरातच असतात. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. ज्या लेकराला भाषाच मिळाली नाही, त्याने शिकावे कसे?

जय भीम!