रेडिओ बंद केल्यानंतर

महाराष्ट्रात रेडिओ आला तो शेतकऱ्यासाठी नव्हे. जून १९२३ मध्ये मुंबईच्या बॉम्बे रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले ते हौशी मंडळींसाठी, आणि २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र उघडले ते परवाना काढू शकणाऱ्या शहरी घरांसाठी. ते केंद्र चालवणारी खासगी कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडले. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ चे, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चे. ही सनावळी बहुतेकांना माहीत असते. खेड्यातला माणूस रेडिओ ऐकून नेमके काय शिकतो, हे मात्र मराठी मुलखात पद्धतशीर मोजले गेले ते १९५६ साली, पुणे केंद्राच्या टापूत.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमत, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे त्यांचे घोषवाक्य होते. कॅनडातल्या मंडळांकडे छापील पत्रके आधीच टपालाने येत. युनेस्कोच्या मदतीने ही पद्धत भारतात आणताना घोषवाक्यातला पहिला शब्द गाळला गेला. ज्या गावात निम्म्यांना अक्षरओळख नाही तिथे ‘वाचा’ म्हणून कोणाला सांगायचे? उरले ते ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’.

प्रयोगासाठी मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले गेले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन झाली. एका मंडळात वीसच्या आसपास सभासद, त्यांचा एक अध्यक्ष आणि टिपणे लिहिणारा एक निमंत्रक. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीच्या सुमाराला पुण्याहून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बैठक सुरू करायची. बैठकीत निघालेल्या शंका पुण्याला जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात येत. रेडिओ हे एकतर्फी बोलणारे यंत्र. या व्यवस्थेने त्याला कान फुटले.

या उपक्रमामागे दोन माणसे होती आणि दोघांचीही गणना रेडिओवाल्यांत कोणी केली नसती. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे आयसीएस अधिकारी, पण हिंदी वाचकांना ते ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक म्हणून अधिक परिचित. त्यांचे मंत्री बाळकृष्ण केसकर तेव्हा चित्रपटसंगीताला आकाशवाणीचे दार लावून श्रोत्यांना रेडिओ सिलोनकडे धाडण्यात गुंतलेले. श्रोत्याला काय हवे ते आपल्याला अधिक कळते, अशी त्या खात्याची ठाम समजूत होती. त्याच खात्याने श्रोत्यांना बोलते करणारा प्रयोग चालवावा, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरा माणूस अधिक विलक्षण. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते काम पाहत होते तिथे फुलब्राइट प्राध्यापक म्हणून आलेले पॉल नॉयरॅथ. व्हिएन्नातले नामांकित तत्त्वज्ञ ओटो नॉयरॅथ यांचे ते चिरंजीव, जन्म १९११ चा. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर त्यांना पकडून आधी दाखाउ आणि मग बुखेनवाल्ड छळछावणीत ठेवले गेले. १९३९ मध्ये सुटका झाल्यावर ते स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तो त्या छावण्यांतल्याच समाजव्यवस्थेवर: कैदी कसे गट बांधतात, कोण कोणाचे ऐकतो, हुकमाखाली माणसांचे संबंध कसे बदलतात. तिथे त्यांना लाभलेले पॉल लाझार्सफेल्ड हे रेडिओच्या श्रोत्यांचा शास्त्रीय अभ्यास रुजवणाऱ्यांपैकी एक. काटेरी तारेआड बसून गटाचे वागणे पाहिलेला हा अभ्यासक पुढे सातारा-कोल्हापुरातली खेडी अभ्यासायला आला. नॉयरॅथ २००१ मध्ये वारले आणि त्यांचा छावण्यांवरचा प्रबंध इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाला तो २००५ मध्ये.

माथुर आणि नॉयरॅथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध केला. त्यातली तुलना साधी आहे. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही होते, काहींत नुसता रेडिओ, काहींत काहीच नाही. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले गेले. मंडळाच्या गावांत माहिती भरभर वाढली. मंडळ नसलेल्या गावांत ती फारशी वाढली नाही, आणि तिथे रेडिओ असला काय नि नसला काय, फरक किरकोळच होता. सरकारी रेडिओ खात्याने स्वतःच स्वतःच्या यंत्राची मर्यादा सिद्ध करून घेतल्याचे असे उदाहरण विरळाच.

कारणही अहवालात सापडते. सभासद पुण्याच्या वक्त्याकडून शिकले तसेच एकमेकांकडूनही शिकले. एकाला बियाण्याची माहिती, दुसऱ्याला सोसायटीची, तिसऱ्याने कंपोस्टचा खड्डा आधीच करून पाहिलेला. हे सगळे गावातच होते, पण सुटे सुटे. बैठकीने ते एका जागी आणले. काही गावांत विहिरी खणल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, विक्री संस्था निघाल्या, बालवाड्या उघडल्या. मंडळ हळूहळू निर्णय घेणारी जागा बनू लागले. बायका मात्र या चर्चेबाहेरच राहिल्या. शेतातली निंदणी, वेचणी त्यांच्या हातून होत असताना शेतीच्या बैठकीत पुरुषच बोलणार, हा त्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येतो, पण निष्कर्ष वाचताना तो विसरता येत नाही.

प्रयोगातल्या या गावांत विदर्भातले एकही गाव नाही, उदाहरणार्थ नेर, आणि त्याचे कारण राजकीय नकाशात आहे. नेर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले, यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे नेर परसोपंत. प्रयोग चालू असताना यवतमाळ जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, नागपूर ही त्याची राजधानी, आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तोवर पुण्याची वीस प्रक्षेपणे संपून सहा महिने झाले होते. म्हणजे ज्या पुराव्यावर पुढे देशभरची योजना उभी राहिली, तो सहकाराची वाट आधीच सापडलेल्या भागातला होता. प्रवरेचा साखर कारखाना याच अहमदनगर जिल्ह्यातला. पावसावर हवाला ठेवून कपाशी पेरणाऱ्या वऱ्हाडात बैठक भरवून तेच फळ मिळाले असते का, याची परीक्षा त्या प्रयोगात झालीच नाही.

१९५९ मध्ये मंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पुण्याच्या प्रयोगात गावोगाव फिरून मंडळे जिवंत ठेवणारे खास संघटक नेमलेले होते. विस्तारात ते काम आधीच कामाने वाकलेल्या विकास गटाच्या कर्मचाऱ्यांकडे गेले आणि मंडळांची संख्या हेच यश मानले जाऊ लागले. प्रक्षेपण चालू ठेवणे सोपे, कारण त्याला केंद्रात माणसे बसवली की पुरे. बैठक चालू ठेवायला प्रत्येक गावात कोणीतरी लागतो. सरकारने सोपे ते राखले.

बाकीचे काम ट्रान्झिस्टरने केले. चावडीवरचा सामाईक रेडिओ मागे पडला आणि प्रत्येकाचा आपापला आला. तो बैलगाडीत, धुऱ्यावर, वखर चालू असताना वाजू लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि ‘आमची माती आमची माणसं’ने शेती पडद्यावर आणली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा साइट प्रयोग झाला, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा नागपूरच्या महाशक्तिशाली प्रक्षेपकावरून रात्रभर ऐकू येऊ लागली. यवतमाळलाही आकाशवाणीचे स्थानिक केंद्र झाले आणि नेरच्या श्रोत्याला जिल्ह्याच्या गावाहून जवळची बोली ऐकू येऊ लागली. तोवर मंडळ हा शब्द गणपती आणि नवरात्रापुरता उरला होता.