काचपट्टीमागचं गाव

जोयड्याहून अणशी घाटाकडे निघालं, की वाटेत कुंभारवाडा लागतो. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान, मधे भाताची खाचरं, परसात कंदांचे वेल. समजा, इथल्या कुणाच्या जबड्यात गाठ आली. डॉक्टर तिचा हरभऱ्याएवढा तुकडा काढून फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात आणि बाटली कारवारला, बेळगावला, हुबळीला नाही तर गोव्यात बांबोळीला जाते. गाठ साधी की कॅन्सरची, हे तिथला एक डॉक्टर ठरवतो. रोग्याने त्याला पाहिलेलं नसतं, त्यानेही रोग्याला पाहिलेलं नसतं. हा विकृतिशास्त्रज्ञ, रोजच्या भाषेत पॅथॉलॉजिस्ट. दोघांना जोडणारा एकच धागा असतो, बाटलीसोबतचा फॉर्म. त्यावर नाव, वय भरलेलं असतं. गाव, कामधंदा, व्यसन हे रकाने पुष्कळदा कोरे असतात.

बाटलीतून काचेवर

फॉर्मालिनमुळे तुकडा कुजत नाही. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात आणि मायक्रोटोम यंत्रावर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन रंगांत बुडवल्यावर पेशींची केंद्रकं निळसर आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो. पुढचं काम डोळ्यांचं आणि अनुभवाचं.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या विकृतिशास्त्र विभागात कामं वाटलेली असतात. कुणी ऊतींचे काप बघतं, कुणी सुईने काढलेल्या पेशी, कुणी रक्त आणि अस्थिमज्जा, कुणी रक्तपेढी सांभाळतं. शिकवणं आणि शवविच्छेदन असतंच. प्राध्यापकाच्या संशोधनाची आवड बहुधा या रोजच्या ढिगातूनच तयार होते. ज्या मुलखातून बाटल्या येतात, तो मुलूखच प्रश्न विचारतो.

खानोलकरांची नोंदवही

याचं मोठं उदाहरण म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८). भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. लंडनहून पदवी घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईत ग्रँट आणि जी. एस. या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या.

रुग्णाचा कॅन्सर कुठल्या अवयवाचा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. रुग्ण कुठल्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, हेही ते मांडत गेले. पाश्चात्त्य देशांत तुलनेने कमी दिसणारा तोंडाचा कॅन्सर इथे ढिगाने का, याचं उत्तर तंबाखू-चुन्याच्या सवयीकडे बोट दाखवत होतं. पारशी स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर जास्त आणि हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या तोंडाचा, हा फरकही अशाच मांडणीतून पुढे आला. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात, हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय. पेशीशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. भिंगाखाली पेशी दिसते. तंबाखूची चंची दिसत नाही. ती विचारावीच लागते.

कुणाशीच न जुळणारं रक्त

परळच्याच के. ई. एम. रुग्णालयात आणि जी. एस. महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक कोडं आलं. काही जणांचा रक्तगट साध्या तपासणीत ‘ओ’ दिसे, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांच्या रक्तद्रवात मिसळलं की गुठळ्या होत. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे संशोधन आलं आणि जगाच्या वैद्यकात ‘बॉम्बे’ हे नाव कायमचं बसलं.

कोडं असं उलगडलं. तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाचा पाया तयार होतो आणि त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ची बांधणी होते. ‘ओ’ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटाच्या माणसात पायाच नसतो, म्हणून त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. भारतात असा माणूस साधारण १०,०००त एक सापडतो, युरोपात १० लाखांत एक. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यात लग्नं होतात तिथे तो जास्त दिसतो. रक्तदाता शोधतानाही आधी सख्खी भावंडं तपासतात. इथेही काचपट्टीपुरतं पाहून भागत नाही. नातीगोती विचारावी लागतात.

माकडताप

आता आपल्या रानाकडे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसंही तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला. तो पसरवतात गोचिडी. दीर्घकाळ हा रोग घाटाच्या त्या पट्ट्यातच राहिला, उत्तर कन्नडात शिरला, आणि २०१५–१६च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही पोचला. काजूच्या हंगामात बागेत जाणारे, सरपण आणि पाला गोळा करणारे लोक त्याच्या तडाख्यात सापडतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

प्रयोगशाळेत काय दिसतं? पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटलेल्या. डेंगीतही असंच दिसतं. नेमका विषाणू ओळखायला वेगळी तपासणी लागते, आणि ती मागवावी हे तपासणाऱ्याला सुचायला हवं. फॉर्मवर नुसतं ‘ताप, चार दिवस’ असेल तर ते सुचणार कसं? ‘कुंभारवाडा, रानात पाला आणायला गेला होता, जवळ मेलेलं माकड पाहिलं’ एवढं लिहिलेलं असेल, तर अनुभवी माणूस लगेच सावध होतो.

कारवारचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१३ साली सुरू झालं. बेळगावचं जवाहरलाल नेहरू महाविद्यालय १९६३चं, हुबळीचं १९५७चं, आणि गोव्याच्या वैद्यकीय शिक्षणाची परंपरा तर १८४२पासूनची. या सगळ्यांच्या टेबलांवर सह्याद्रीच्या रानातल्या बाटल्या येतात. इथले पुढचे प्रश्न तिथल्याच कुणा शिक्षकाला सुचतील, पण बाटलीमागचा माणूस त्याला कळला तर.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी घरातल्या कुणाचं रक्त किंवा गाठीचा तुकडा तपासणीला द्याल, तेव्हा फॉर्म स्वतः वाचा. गाव, धंदा, तंबाखू, रानात जाणं, घरातले जुने आजार, सगळं भरा. रकाना नसेल तर समासात लिहा.