पट आणि विभाज्य : एका प्राथमिक संकल्पनेचे विवेचन

ज्या विद्यार्थ्याला साताचा पाढा मुखोद्गत आहे त्यास '९१ ही ७ ची पट आहे काय ?' असे विचारले असता तो पुष्कळदा क्षणभर घुटमळतो आणि 'नाही' असे सांगतो. त्याचा पाढा सत्तरीला संपलेला असतो. ९१ ही संख्या त्याने पाढ्यात कधी ऐकलेली नसते, आणि जे पाढ्यात नाही ते पट नाही अशी त्याची नकळत समजूत झालेली असते. ७० आणि २१ या दोन्ही पटी त्याला ठाऊक आहेत. त्यांची बेरीज ९१ होते हेही तो जाणतो. परंतु पटींची बेरीज ही पटच असली पाहिजे हे तत्त्व त्याच्या हाती आलेले नसते. पाढा ही पटींची यादी आहे, व्याख्या नव्हे. हा भेद प्राथमिक शाळेत राहून गेला तर पुढे अमूर्त बीजगणिताच्या वर्गात तो अनपेक्षित ठिकाणी डोके वर काढतो.

मराठीत या एका कल्पनेसाठी दोन शब्द रूढ आहेत, आणि ते दोन वेगळ्या दिशांनी आलेले आहेत. 'पट' हा शब्द गुणाकाराच्या बाजूचा : दुप्पट, तिप्पट, चौपट. 'विभाज्य' हा भागाकाराच्या बाजूचा. शालेय गणितात ज्याला लसावि म्हणतात त्याचे पूर्ण नाव 'लघुतम सामाईक विभाज्य' असे आहे. तेथे 'पट' हा शब्द नाही. १२ ही ४ ची पट आहे, कारण ४ ला ३ ने गुणले असता १२ येतात; १२ ही ४ ने विभाज्य आहे, कारण ४ ने भागले असता बाकी उरत नाही. ही दोन विधाने एकच आहेत असे आपाततः वाटते आणि बहुतेक ठिकाणी ती एकच असतातही. तथापि शून्यापाशी त्यांची फारकत होते.

'ब ही अ ची पट आहे' म्हणजे ब = क × अ होईल असा एखादा पूर्णांक क आहे, अशी व्याख्या घेतली तर क च्या जागी ० ठेवता येतो आणि शून्य ही प्रत्येक संख्येची पट ठरते. ० ही ५ ची पट आहे, ती ५ ने विभाज्यही आहे. येथवर दोन्ही शब्द सोबत चालतात. आता अ = ० घ्यावा. शून्याच्या सर्व पटी शून्यच, म्हणून ० ही ० ची पट आहे याविषयी शंका नाही. परंतु ० ला ० ने भागण्याची क्रिया अर्थशून्य आहे, कारण येणारा भागाकार कोणताही मानता येतो. विभाज्यतेची व्याख्या भागाकारावरून केली तर हे उदाहरण वगळावे लागते. गुणाकारावरून केली तर आपोआप सामावते. उच्च गणितात गुणाकाराची व्याख्या स्वीकारली जाते ती याच कारणासाठी. शून्य ही प्रत्येक संख्येची पट मानल्यामुळे मात्र लसाविच्या व्याख्येत एक सावधगिरी आवश्यक होते : सामाईक पटींपैकी लहानात लहान नव्हे, तर लहानात लहान धन पट, असे म्हणावे लागते; एरवी सर्व लसावि शून्यच यावयाचे. पाठ्यपुस्तकांत हा शब्द पुष्कळदा गाळलेला आढळतो.

युक्लिडाच्या सातव्या ग्रंथातील व्याख्या या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लहान संख्येने मोठी संख्या मोजली जात असेल तर मोठी ही लहानीची पट होय, असा तिचा आशय. ही व्याख्या शब्दशः घेतली तर कोणतीही संख्या स्वतःची पट ठरत नाही, कारण ती स्वतःहून मोठी नाही. शून्याचा तर तेथे प्रश्नच नव्हता. ग्रीकांच्या गणनेत त्यास स्थान नव्हते. म्हणजे आज पाढ्याची जी पहिली ओळ समजली जाते ती युक्लिडाच्या व्याख्येत बसत नाही, आणि तिच्याही आधीची जी शून्याची ओळ ती आपल्या पाढ्यांतही कोणी म्हणत नाही. 'बे एके बे' पासून आरंभ करण्याची रूढी इतकी दृढ आहे की 'बे शून्य शून्य' ही ओळ कानाला विनोदी वाटते.

'पट' या शब्दाची व्यवहारातील व्याप्ती गणितातील व्याप्तीहून मोठी आहे, आणि गोंधळाचे दुसरे मूळ येथे आहे. मराठीत दीडपट, सव्वापट, अडीचपट हे शब्द सहज वापरले जातात. ७½ ही ५ ची दीडपट आहे, हे विधान भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. मग ७½ ही ५ ची पट आहे असे का म्हणू नये ? उत्तर असे की गुणक अपूर्णांक चालतो असे एकदा मान्य केले म्हणजे कोणतीही परिमेय संख्या कोणत्याही शून्येतर परिमेय संख्येची पट ठरते. ७ ही ५ ची पट, ५ ही ७ ची पट, ३ ही शंभराची पट. जे नाते सर्वांचे सर्वांशी असते त्याने काहीच वेगळे काढता येत नाही. गुणक पूर्णांक असला पाहिजे हे बंधन या संकल्पनेचा प्राण आहे.

गुण्य मात्र अपूर्णांक असण्यास हरकत नाही. जुन्या अंकलिप्यांत आणि उजळण्यांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असत. औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे ३½, ७, १०½, १४ अशी ३½ च्या पूर्णांकपटींची मालिका. ती वरील व्याख्येस पूर्णपणे धरून आहे. मण साडेतीन रुपये दराने २४ मण माल घेणाऱ्याला औटकीतून ८४ रुपये ही रक्कम तोंडीच मिळत असे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि मणाचे ४० शेर असताना पाव, अर्धा, पाऊण ही परिमाणे बाजाराच्या रचनेतच होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५६ च्या कायद्याने वजनमापेही टप्प्याटप्प्याने दशमान झाली, आणि या पाढ्यांचा व्यावहारिक आधार नाहीसा झाला. ते शाळांतून गेले यात नवल नाही. तथापि त्यांच्याबरोबर एक गणिती अनुभवही गेला : अपूर्णांकांच्या पटी पूर्णांकांच्या पटींसारख्याच वागतात हा. अडीचकी आणि औटकी शेजारी मांडल्या तर १७½ ही दोहोंत सापडणारी पहिली संख्या होय. २½ ची ती सातपट आणि ३½ ची पाचपट. म्हणजे अपूर्णांकांचाही लसावि असतो, आणि तो शोधण्यास दोन्ही संख्या अर्ध्यांत मोजून ५ आणि ७ यांचा लसावि काढणे पुरते.

याच वाटेने पुढे गेले असता एक गंभीर प्रश्न उभा राहतो. कोणत्याही दोन धन राशींना सामाईक पट असतेच काय ? प राशीची म पट आणि फ राशीची न पट समान असेल, तर प आणि फ यांचे गुणोत्तर न : म होते, म्हणजे परिमेय असते. चौरसाची बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर १ : √२ असे अपरिमेय आहे. म्हणून बाजूचा पाढा आणि कर्णाचा पाढा कितीही लांबवर म्हटला तरी दोहोंत शून्याखेरीज एकही सामाईक राशी सापडणार नाही. अपरिमेयतेचे हे विधान 'पट' या एकाच प्राथमिक शब्दात करता येते, हे अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता पूर्णांकांच्या क्षेत्रात परत येऊन पटींच्या समुच्चयाकडे समग्रतेने पाहावे. एखाद्या संख्येच्या सर्व पटी, ऋण व शून्य धरून, घेतल्या तर दोन पटींची बेरीज पट असते आणि वजाबाकीही पट असते. मराठी संख्यानामांतच या गुणाचा उपयोग दडलेला आहे. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. म्हणून २९ ची सातपट म्हणजे तिसाची सातपट २१० उणे ७, अर्थात २०३. ज्या पाढ्याचा मुलांना सर्वांत धाक असतो तो त्याच्या नावातच सोडवून ठेवलेला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशा संख्यावाचनाचा समावेश झाला तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जोडाक्षरांची व उलट्या क्रमाची अडचण मुलांना जाणवते, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तेव्हा मांडली होती. वादात भाषेच्या अस्मितेविषयी पुष्कळ बोलले गेले, गणिताविषयी त्या मानाने कमी. 'वीस नऊ' या नावातून १४० अधिक ६३ हा मार्ग सुचतो, 'एकोणतीस' या नावातून २१० उणे ७ हा. दोन्हींच्या मुळाशी एकच वितरणाचा नियम आहे. पहिल्या मार्गाने बेरीज लांबते, दुसऱ्यात वजाबाकी करावी लागते. जो विद्यार्थी दोन्ही मार्ग चालू शकतो त्याला पाढा पाठ नसला तरी फारसे बिघडत नाही.

वरील गुणाचा व्यत्यास अधिक महत्त्वाचा आहे. पूर्णांकांचा कोणताही अरिक्त समुच्चय घ्यावा. अट एवढीच की त्यातील कोणत्याही दोन संख्यांची वजाबाकी त्यातच असावी. तर असा समुच्चय म्हणजे कोणत्या तरी एकाच संख्येच्या सर्व पटी होत. सिद्धता थोडक्यात अशी. वजाबाकीच्या अटीमुळे समुच्चयात शून्य असते, प्रत्येक संख्येची ऋण संख्या असते, आणि म्हणून बेरीजही असते. केवळ शून्यच असेल तर तो शून्याच्या पटींचा समुच्चय झाला. अन्यथा त्यात धन संख्या असतील. त्यांपैकी लहानात लहान संख्या द मानावी. द च्या सर्व पटी समुच्चयात आहेतच. आता समुच्चयातील कोणतीही संख्या स घेऊन तिला द ने भागावे. बाकी र ही द पेक्षा लहान व ऋणेतर असेल. परंतु र म्हणजे स मधून द ची एक पट वजा केलेली संख्या, म्हणून तीही समुच्चयातच आहे. द हून लहान धन संख्या तेथे नसल्याने र = ०, म्हणजे स ही द ची पट आहे.

या सिद्धांताचे पहिले फळ मसाविसंबंधी आहे. २२१ च्या पटी आणि १९५ च्या पटी यांच्या सर्व बेरजा एकत्र केल्या तर हा समुच्चय वरील अट पाळतो. म्हणून तो एकाच संख्येच्या पटींचा बनलेला असला पाहिजे. ती संख्या १३, कारण १९५ ची आठपट १५६० आणि २२१ ची सातपट १५४७ यांतील अंतर १३ आहे, आणि २२१ व १९५ या दोन्ही १३ च्या पटी असल्यामुळे याहून लहान धन अंतर संभवत नाही.

हे अंक येथे अकस्मात घेतलेले नाहीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) कुट्टकाच्या प्रकरणात हेच उदाहरण आहे : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल ? तेथे भाज्य २२१, क्षेप ६५ आणि हार १९५. तिन्हींना १३ ने संक्षेप दिला म्हणजे १७, ५ आणि १५ उरतात, आणि गुण ५ व लब्धि ६ मिळते. पडताळा असा की २२१ ची पाचपट ११०५, तीत ६५ मिळवून ११७०, आणि ही १९५ ची सहापट आहे. गुणात १५ व लब्धीत १७ मिळवीत गेल्यास पुढील उत्तरे मिळतात : २० व २३, ३५ व ४०, इत्यादी. कुट्टकाची पद्धती आर्यभटाच्या इ. स. ४९९ च्या ग्रंथापासून भारतीय गणितात चालत आलेली आहे. परंतु भास्कराचार्यांनी स्पष्टपणे सांगितलेली एक अट येथे विशेष प्रस्तुत आहे. भाज्य व हार यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला भाग जात नसेल तर तो प्रश्नच 'दुष्ट' समजावा, असे ते म्हणतात. क्षेप ६५ ऐवजी ६४ असता तर २२१ आणि १९५ यांच्या पटींच्या खेळातून ६४ कधीच निर्माण झाले नसते, कारण त्या खेळातील प्रत्येक संख्या १३ ची पट असते. अर्वाचीन परिभाषेत ही अशा समीकरणाच्या उकलीची आवश्यक अट होय, आणि वरील सिद्धांतामुळे ती पर्याप्तही आहे. प्रश्नाला दुष्ट म्हणण्यात जी समजूत आहे ती दाद देण्यासारखी आहे : दोष गणकाचा नव्हे, प्रश्नाचा.

दुसरे फळ एकोणिसाव्या शतकातील आहे. पूर्णांकांखेरीज अन्य संख्याक्षेत्रांत एकमेव अवयवीकरणाचा नियम मोडतो हे दिसून आल्यावर कुमर यांनी १८४० नंतरच्या दशकात 'आदर्श संख्यां'ची कल्पना मांडली. १८७१ मध्ये डेडेकिंड यांनी तिला समुच्चयाचे रूप दिले. ज्या समुच्चयातील घटकांची वजाबाकी त्यातच असते, आणि ज्यातील घटकाला क्षेत्रातील कोणत्याही संख्येने गुणले तरी गुणाकार त्यातच राहतो, असा समुच्चय. हिंदी पारिभाषिक शब्दावलीत यास 'गुणजावली' म्हणतात. गुणज म्हणजे पट. गुणजावली म्हणजे पटींची ओळ. 'आयडियल' या मूळ नावापेक्षा हा शब्द अर्थाच्या अधिक जवळ आहे, परंतु तो एका बाबतीत फसवाही आहे, कारण प्रत्येक गुणजावली ही कोणत्या तरी एका संख्येच्या पटींची ओळ असतेच असे नाही.

म + न√(−५) या रूपाच्या संख्या घ्याव्यात. म आणि न पूर्णांक. २ च्या पटी आणि १ + √(−५) च्या पटी यांच्या सर्व बेरजांचा समुच्चय पाहावा. येथे गुणकही त्याच रूपाचे आहेत. हिशेब केल्यास दिसते की या समुच्चयातील प्रत्येक संख्येत म आणि न एकाच वेळी सम किंवा एकाच वेळी विषम असतात. म्हणून १ ही संख्या त्यात नाही. हा सर्व समुच्चय एका संख्येच्या पटींचा आहे असे मानले, तर त्या संख्येच्या म² + ५न² या मानाने २ च्या मानाला, म्हणजे ४ ला, आणि १ + √(−५) च्या मानाला, म्हणजे ६ ला, भाग गेला पाहिजे. अर्थात ते मान १ किंवा २ असले पाहिजे. म² + ५न² = २ होईल असे पूर्णांक नाहीत. मान १ असेल तर ती संख्या १ किंवा −१ होय, आणि मग १ समुच्चयात येईल; पण ती तेथे नाही. पूर्णांकांच्या सिद्धतेतील 'लहानात लहान धन संख्येने भागून बाकी काढावी' हे पाऊल येथे टाकता येत नाही, म्हणून हा समुच्चय पटींसारखा सर्व बाबतींत वागत असूनही ज्याचा तो पाढा म्हणावा अशी संख्या त्या क्षेत्रात नाही.